गोदाच्या अंगाचा रंग

१

दर रविवारी सकाळी धनराज गांगुर्डे सर पुढच्या खोलीतली खाट उभी करून कोपऱ्याला टेकवायचे, सतरंजी अंथरायचे आणि एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणाऱ्या पोरांना रंग शिकवायचे. घर सिडकोतलं, दोन खोल्यांचं. त्यात एक अख्खी भिंत सरांनी चुन्याने पांढरीधोप ठेवली होती. तिच्यावर कॅलेंडर नाही, खिळा नाही. मोहिनीने, म्हणजे त्यांच्या बायकोने, तिथे शोकेस ठेवायची आशा कधीच सोडली होती. नवरा चित्रकलेचा मास्तर म्हटल्यावर थोडं सोसावंच लागतं, असं ती शेजारणींना सांगायची.

ती भिंत सरांच्या आवडत्या खेळासाठी होती. पुठ्ठ्याचा लालभडक गोल ते पोरांसमोर धरायचे.

"डोळे मिटायचे नाहीत. बघत राहा. बघा, बघा... हं, आता भिंतीकडे!"

"सर, हिरवा!" पोरं एकदम ओरडायची.

"लाल बघून बघून डोळा दमतो," सर खुशीत सांगायचे. "दमला की पांढऱ्यावर त्याची छाप दिसते, पण विरोधी रंगाची. लालाची हिरवी, पिवळ्याची जांभळी, नारिंगीची निळी, काळ्याची पांढरी. डोळा थापा मारत नाही रे बाळांनो. जे समोर होतं त्याचीच छाप तो दाखवतो."

मग दुसरा धडा. विरोधी रंग बशीत एकमेकांत मिसळायचे. दोन्ही मरतात आणि खाली राखाडी उरतो. जोडी अचूक जमली तर राखाडी स्वच्छ येतो, निळसर नाही की तांबूस नाही. पोरांची जोडी कधी जमायची नाही, आणि सर त्यांना चिखल कालवणारी म्हणून चिडवायचे.

२

१९९४ च्या मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली आणि सरांनी गोदाचं चित्र करायला घेतलं. गोदा त्यांची एकुलती एक मुलगी, सात वर्षांची. नाव आजीचं, स्वभाव भिंगरीचा. मोहिनी अंबडला एका कंपनीत पॅकिंगच्या कामाला जायची, त्यामुळे दुपारी घरात बापलेक दोघंच असायची.

खिडकीजवळ स्टूल ठेवलं, मागे फिकट राखाडी चादर टांगली. गोदाला पिवळा फ्रॉक घातला. सरांना वाटलं होतं, कार्टी पाच मिनिटंही टिकणार नाही. पण ती बसली ती बसलीच. पाय हलवले नाहीत, नाक खाजवलं नाही. नुसती सरांकडे बघत राहिली. बाहेर रस्त्यावर कुल्फीवाला घंटी वाजवत गेला, तरी तिने मान वळवली नाही.

"शहाणी गं माझी बाय," सर म्हणाले आणि डोळ्यांना विसावा म्हणून त्यांनी सवयीने पांढऱ्या भिंतीकडे पाहिलं.

भिंतीवर गोदाची छाप उमटली. फ्रॉक जांभळा, केसांच्या जागी पांढरं. अगदी पुस्तकात लिहिल्याप्रमाणे. सर गालात हसले, आणि हसता हसता थांबले.

जांभळ्या फ्रॉकच्या उजव्या अंगाला आणखी एक छाप होती. उंच. डोक्यापासून पायापर्यंत एकाच फिकट रंगाची, द्राक्षबागेत फवारतात त्या मोरचुदाच्या पाण्यासारखी निळसर-हिरवट. ती किंचित वाकलेली होती. सरांनी डोळे मिचकावले तशी दोन्ही मिळून विरून गेली.

त्यांनी वळून पाहिलं. गोदाच्या उजवीकडे राखाडी चादर होती, बाकी काही नव्हतं.

३

माणूस शिकलेला असला की भीतीआधी कारणं शोधतो. सरांनीही शोधली. खिडकीचा गज असेल. स्वतःच्याच हाताची सावली असेल. उन्हाळा आहे, पित्त असेल. दुसऱ्या दिवशीही तेच दिसलं तेव्हा ते सायकल काढून डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टरांनी टॉर्च मारून, अक्षरं वाचायला लावून सांगितलं, नजर तरण्या पोरासारखी आहे, ऊन टाळा.

मग त्यांनी वर्गातल्यासारखा प्रयोग केला. रिकाम्या स्टुलाकडे डोळे ताणून पाहिलं. भिंतीवर स्टुलाची छाप आली, एकट्याची. मोहिनीच्या सुट्टीच्या दिवशी तिला बसवलं.

"अहो, गॅसवर दूध आहे माझं! काय खूळ आहे हे?"

"जरा बस. हलू नको."

भिंतीवर मोहिनी आली, एकटीच. तिच्या लाल साडीची हिरवी छाप ठसठशीत उमटली, आणि तिच्या शेजारी चुना तेवढा दिसत होता. सरांना इतकं हलकं वाटलं की त्यांनी बायकोला स्वतः चहा करून दिला. मोहिनीने संशयाने कप हातात घेतला. लग्नापासून असं कधी घडलं नव्हतं.

मग त्याच जागी, त्याच उजेडात त्यांनी गोदाला बसवलं. भिंतीवर दोघं आली. उंच छाप आदल्या दिवसापेक्षा गोदाच्या जवळ सरकली होती.

"गोदे," सरांनी आवाज सहज ठेवायचा प्रयत्न केला, "तुला कंटाळा नाही येत गं असं बसून?"

"येतो की."

"मग हालत का नाहीस?"

गोदाने जरा विचार केला. "हलता येत नाही, पप्पा."

सरांनी पुढे होऊन तिला उचललं. ती नेहमीपेक्षा हलकी लागली. मे महिन्याच्या दुपारी तिचे दंड गार होते.

४

मखमलाबादच्या मळ्यातून भाजी घेऊन येणाऱ्या गोजराबाई गोदाचा गाल ओढल्याशिवाय कधी पाटी उचलत नसत. त्या दिवशी त्यांनी हात पुढे केला आणि मागे घेतला.

"सर, पोरीचा रंग लय उडालाय वो. आजारी हाय का?"

"नाही मावशी. ऊन लागलं असेल."

"उनानं माणूस काळं पडतं, पांढरं नाय पडत. मीठ-मिरच्या उतरवा तिच्यावरनं. आन डाक्टरलाबी दाखवा, म्या कुठं नाय म्हणती?"

मोहिनीने दोन्ही केलं. मिरच्यांचा ठसका सगळ्यांना लागला. डॉक्टरांनी खालची पापणी ओढून बघितली, रक्त कमी आहे म्हणाले आणि लोहाचं टॉनिक दिलं. मोहिनी ते चमच्याने पाजायची आणि सरांवर वैतागायची. "तुमचं ते चित्र बंद करा आधी. पोरीला दिवसभर पुतळ्यासारखं बसवून ठेवता!"

सरांनी चित्र केव्हाच बंद केलं होतं. ते आता फक्त बघत होते. बघितल्याशिवाय राहवत नव्हतं. कारण भिंतीवरचा जांभळा फ्रॉक रोज फिका होत चालला होता. डोळा जे बघतो त्याचीच छाप पडते. छाप फिकी याचा अर्थ डोळ्याला गोदा कमी दिसत होती. समोर तर ती पूर्ण होती, पिवळ्या फ्रॉकमध्ये, वेणीला रिबीन बांधलेली. शेजारची मोरचुदी छाप मात्र दिवसेंदिवस गडद होत होती. आता तिला हात होता. तो गोदाच्या डोक्यावर होता.

सरांना पोरगी जिवापेक्षा जास्त होती. हे ते कुणाला बोलून दाखवत नसत, पण त्या दुपारी मोरीत जाऊन नळ सोडून ते रडले.

५

रडून झाल्यावर त्यांच्यातला मास्तर जागा झाला. रंग आहे ना? मग त्याला विरोधी रंगही असणार. तो सापडला की हा मरेल.

छाप ज्या रंगाची होती तो त्यांनी आठवून आठवून बशीत बनवला. पांढऱ्यात निळा, त्यात हिरव्याचा ठिपका. मग त्याच्यात एकेक रंग टाकून पाहायला लागले. लाल टाकला तर जांभळट झालं. नारिंगी टाकला, मातकट झालं. पोरांना ज्याबद्दल चिडवायचे तो चिखल सर दुपारभर कालवत बसले. शेवटी कंटाळून त्यांनी न बघता ब्रश कुठेतरी बुडवला आणि बशीत फिरवला.

राखाडी आला. स्वच्छ, निळसर नाही की तांबूस नाही.

सरांनी ब्रश कुठे बुडवला होता ते पाहिलं. शेजारच्या पॅलेटच्या खळग्यात, गोदाच्या चित्रासाठी बनवलेला रंग होता तो. पिवळी माती, जरासा लाल, पांढरा. गोदाच्या गालाचा आणि हातांचा रंग.

खरं तर हे त्यांना आधीच कळायला हवं होतं. गोदाच्या हातांची छाप भिंतीवर त्याच मोरचुदी रंगाची पडत होती आणि ती रोज डोळ्यांसमोर होती. पण तेव्हा ते तिच्या शेजारी बघत होते. आता त्यांना समजलं की तिच्या शेजारी जे उभं राहायचं त्याला कपडे नव्हते, केस नव्हते, तोंडावर डोळ्यांची काळी जागाही नव्हती. वरपासून खालपर्यंत ते गोदाच्या कातडीच्या रंगाचं होतं.

त्याच संध्याकाळी सरांनी डिस्टेंपरचा डबा आणि रंगाच्या बाटल्या आणल्या. पांढरी भिंत आता नको. ज्या भिंतीवर ते दिसतं तिलाच त्याचा विरोधी रंग द्यायचा, म्हणजे ते तिथेच मरेल. बादलीत थेंब थेंब रंग टाकून ढवळायचं, भिंतीवर पट्टा मारायचा, वाळू द्यायचा. वाळल्यावर रंग बदलतो, म्हणून वाळल्यावरच जुळवायचा. आणि जुळवायचा तर नमुना भिंतीला लावूनच जुळवतात, ही रंगाऱ्यांची जुनी रीत. सर दर वेळी गोदाला बोलवायचे आणि तिचा उघडा हात पट्ट्यावर दाबून धरायचे.

"गार लागतंय, पप्पा."

"थोडंच राहिलंय, बाळा."

शेवटचा पट्टा वाळला तेव्हा दुसऱ्या दिवसाची दुपार टळली होती. सरांनी गोदाचा हात भिंतीवर ठेवला आणि मागे सरकून पाहिलं. हात कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते ते त्यांना क्षणभर कळेना. गोदाने गालही भिंतीला टेकवला होता आणि डोळे मिटले होते.

"जमलं," सर म्हणाले, आणि त्यांनी उरलेली सगळी भिंत रंगवून काढली.

६

गोदा बरी झाली. झाली म्हणजे अशी झाली की मोहिनी टॉनिकचं नाव दहा घरी सांगून आली. गाल भरले, अंगावर लाली आली. दुसरी भाकरी मागून घ्यायला लागली. स्टुलावर बसवलं तर पाय हलवायची. गोजराबाईंनी गाल ओढून कानशिलावर बोटं कडाकडा मोडली. मोहिनीला भिंतीचा रंगही आवडला. "कसा उबदार वाटतो नाही? माणसासारखा," ती म्हणाली. सरांनी मान डोलावली. त्यांना खूप दिवसांनी झोप लागायला लागली होती.

जून उजाडला. शाळा उघडायच्या आधी वर्ग लावून घ्यायला सर गोदाला घेऊन शाळेत गेले. व्हरांड्याला नुकताच चुना दिला होता. गोदा बाकावर बसून पेरू खात होती, तोच पिवळा फ्रॉक घालून. सर तिच्याकडे बघत बसले. किती दिवसांनी ते तिच्याकडे असं निवांत, पोटभर बघत होते. मग डोळे सहज समोरच्या भिंतीकडे गेले.

ते जांभळ्या रंगाची वाट बघत होते. जांभळा आला नाही. फ्रॉक नव्हता, केसांचं पांढरं नव्हतं. बाकाच्या छापेवर एकच छाप होती, सगळी मोरचुदी. कमी जागेत मावायचं म्हणून गुडघे छातीशी घेऊन बसलेलं काहीतरी उंच.

"काय बघताय, पप्पा?" मागून गोदाने विचारलं. तिच्या ओठांना पेरूचं बी चिकटलं होतं.

सर घरी कसे आले ते त्यांना आठवलं नाही. पुढच्या खोलीत, रंगवलेल्या भिंतीसमोर ते बसून राहिले. मांडीवर ड्रॉइंग बोर्ड होता, त्यावर कोरा कागद. किती वेळ भिंतीकडे बघत होते कोण जाणे. मान दुखली तशी त्यांनी नजर खाली केली.

त्या रंगाच्या भिंतीची छाप कागदभर निळसर पडायला हवी होती. तशीच पडली. पण मधोमध, अगदी लहान, लांब मैदानाच्या टोकाला कुणी उभं असावं एवढा, एक जांभळा फ्रॉक होता.

आत मोहिनी आणि गोदा कशावरून तरी खिदळत होत्या.

७

सरांनी त्यानंतर त्या भिंतीला कुणाला हात लावू दिला नाही. क्लास बंद केला. दुपारी शाळेतून आले की भिंतीसमोर बसायचे, मग कागदाकडे बघायचे. फ्रॉक असायचा. मोठा होत नव्हता, पुसलाही जात नव्हता. एकदा त्यांनी मोहिनीला सगळं सांगितलं. ती भांडली नाही, रडली नाही. मुकाट्याने त्यांना डोक्याच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांनी झोप यायची, फ्रॉक जायचा नाही.

आणि घरात गोदा वाढत होती. मायाळू, हुशार, कधी उलटून न बोलणारी. बापाला गोळ्यांची आठवण तीच करायची. तिच्याकडे बघून सरांना कधी कधी स्वतःचीच लाज वाटायची. इतक्या गुणी मुलीचा बाप आणि डोक्यात हे असलं.

२००८ साली तिला दिंडोरीचं स्थळ आलं. द्राक्षबागायतदार घर, मुलगा शिकलेला. रविवारी बघायला येणार होते आणि बैठक पुढच्याच खोलीत होती. भिंतीचे आता पोपडे सुटले होते.

"अहो, आता तरी," मोहिनी म्हणाली. तिने सहादू रंगाऱ्याला परस्पर बोलावलंही होतं. सहादूने बादलीतलं पाणी शिंपडून भिंत ओली केली आणि खरवडायचा पत्रा हातात घेऊन तो थांबला. सर भिंतीसमोर खुर्चीत बसले होते.

"सर, उठता का? पाणी सुकलं तर परत मारावं लागंल."

"पप्पा, असू दे," गोदा हळूच म्हणाली. "तुम्हाला नको असेल तर राहू दे. लोक काय, भिंत बघायला थोडेच येणार आहेत?"

त्या बोलण्याने सर विरघळले. "एकदा बघू दे फक्त," ते म्हणाले. मनाशी त्यांनी ठरवलं, आज फ्रॉक दिसला तर जीव गेला तरी हात लावू द्यायचा नाही. नाही दिसला तर मात्र हे खूळ इथंच संपवायचं.

ते ओल्या भिंतीकडे बघत राहिले. बाहेर कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. मग त्यांनी मांडीवरच्या कागदाकडे पाहिलं.

फ्रॉक नव्हता. कागद एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकसारखा होता, कुठे ठिपकासुद्धा नाही. सरांनी पुन्हा पाहिलं. नव्हता. त्यांच्या छातीवरचा दगड उतरला, डोळे भरून आले. म्हणजे डॉक्टरच खरे होते. इतकी वर्षं आपण सोन्यासारख्या पोरीला परकं केलं.

"घे रे सहादू," ते म्हणाले. मोहिनीने पदराने डोळे टिपले. सरांनी उठून गोदाच्या डोक्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ती हसली.

पत्रा भिंतीवर कराकरा वाजायला लागला. ओले पापुद्रे खाली अंथरलेल्या वर्तमानपत्रावर पडत होते. सर चहाची वाट बघत उभे राहिले आणि त्यांच्या मनात, जुन्या सवयीनेच, धडा चालू झाला. अंगाच्या रंगाची छाप निळसर. पिवळ्याची जांभळी.

कागद निळा नव्हता.

तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जांभळा होता. ते लांबवरचा लहानसा फ्रॉक शोधत होते, आणि त्या फ्रॉकातली ती पार जवळ आली होती. इतकी जवळ की कागदावर तिच्याशिवाय दुसरं काही मावलंच नव्हतं.

"थांब!" सर ओरडले. "सहादू, थांब!"

सहादू दचकून मागे सरला. पण पत्रा तोवर भिंतीच्या मधोमध वरून खालपर्यंत फिरून गेला होता. आत चुना पांढरा दिसत होता.

मोहिनी पापुद्रे गोळा करायला खाली वाकली होती. त्यांतला एक उचलून तिने उजेडात धरला. ओला होता, बोटाएवढा, पिवळाजर्द.

"अहो," ती म्हणाली, "आपण ही भिंत पिवळी कधी केली होती?"

"कधीच नाही, मम्मी," गोदा म्हणाली, आणि कोपऱ्यातली केरसुणी घेऊन ती झाडायला लागली.